आपलं घर, आपला ताप

४ जून
कॅन्सरची केमो संपली. माझ्याच रक्तातून आधी काढून गोठवलेल्या स्टेम सेल्स आज परत माझ्यात सोडल्या. त्या टिकवायच्या औषधाचा वास अंगातून येतोय. सडका लसूण. नर्स म्हणाली, आम्हाला सवय आहे. मला नाही. इथल्या सूपलाही फिनेलची चव. डॉक्टर म्हणाले, पुढचे दिवस घरीही काढता येतील, नर्स रोज येईल, फक्त ताप आला तर लगेच... वाक्य पुरं होऊ दिलं नाही. घरी! बायकोने आनंदाने डॉक्टरांना तीनदा विचारलं, नक्की?

५ जून
घरी. बायकोने जंतूंच्या भीतीने पडदे, कुंड्या आणि माझी लाडकी खुर्ची बाहेर काढली. हॉस्पिटलपेक्षा जास्त फिनेल. संकल्प: तिला अजिबात त्रास द्यायचा नाही.

१० जून
तोंड आतून सोललंय. थुंकी गिळणं म्हणजे काचा गिळणं. बायकोने उकळून उकळून जीव घेतलेला भोपळा आणला. ओकलो. बादली गाठली होती, जवळजवळ. बादलीची जागाच चुकलेली. तिला शांतपणे समजावलं. ती फरशी पुसता पुसता म्हणाली, उद्यापासून तुम्हालाच बादलीत ठेवते.

१२ जून
केस उशीवर, चहात, दातांत. शी! मुलगी मास्क लावून दारातूनच बोलते. म्हटलं, बघ, घरी माणूस कसा झपाट्याने सुधारतो. ती म्हणाली, बाबा, आई झोपलेली नाहीये. म्हटलं, मला तरी कुठे झोप लागते?

१४ जून, सकाळी
थर्मामीटर बिघडलाय, एकशे एक दाखवतो. नर्स यायच्या आधी काखेत ओला रुमाल धरला. नॉर्मल! पुन्हा हॉस्पिटलचं तोंड बघणे नाही.

संध्याकाळी
हवेत फार गारठा. दोन पांघरुणं. बायकोने माझ्या कपाळाला हात लावला आणि गाडी काढली. रस्ताभर रडत होती. धीर दिला, घाबरू नकोस, मी आहे ना. ती म्हणाली, तोंड मिटा.

१७ जून
हॉस्पिटल. अँटिबायोटिकने ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर आटोपलंच होतं. म्हटलं, म्हणून तर वेळेवर आलो.

२१ जून
पेशी वाढल्या. डॉक्टर म्हणाले, उद्या घरी. बायकोने त्यांना दाराबाहेर गाठून विचारलं, अजून दोन दिवस ठेवता येईल का? त्यांनी विचारलं, काही त्रास होतोय का त्यांना? ती म्हणाली, त्यांना नाही.
ऐकू आलं सगळं. तिला चांगलं खडसावणार होतो. आत आली, पलंगाजवळच्या स्टुलावर टेकली आणि भिंतीला डोकं लावून झोपलीच. तोंड उघडं, चपला पायात.
नर्स आली. तिला खुणेनेच सांगितलं, हळू. मग दोन बोटं दाखवून पुटपुटलो, अजून दोन दिवस राहतो.