डॉक्टरीणबाईंच्या नावाची साइट

३ मार्च
राजकारणाची शिसारी आलीय. मी यात पडलो तो घाण उपसायला, आणि इथे जो तो घाणीतच लोळतोय. विरोधी उमेदवार डॉक्टरीणबाईंच्या प्रचारातल्या पोरांनी आमच्या साहेबांच्या पोस्टरवर मिशा रंगवल्या. साहेबांना मुळात मिशा आहेतच, आता दोन जोड्या दिसतात. शी! मी मात्र स्वच्छ प्रचार करणार. साहेब निवडून आले की त्यांच्या ऑफिसात माझी कायमची नोकरी पक्की. बायकोला सांगूनही टाकलंय.

५ मार्च
डॉक्टरीणबाईंच्या नावाचा वेबसाइटचा पत्ता चक्क मोकळा होता. त्यांची खरी साइट भलत्याच लांबलचक पत्त्यावर. मी तो घेऊन टाकला. यात फसवणूक कसली? रिकामी खुर्ची दिसली की माणूस बसतोच. त्यांचाच फोटो लावला, रंगही त्यांचाच. माझं नाव कुठेही नाही. प्रसिद्धीची हाव नाही मला.

८ मार्च
साइट ओकीबोकी दिसत होती. म्हणून मजकूर टाकला: प्रकृतीच्या कारणाने मी माघार घेत आहे. अगदीच खोटं नाही, परवाच्या सभेत बाई दोनदा खोकल्या. गुपित फुटू नये म्हणून ऑफिसातही कुणाला बोललो नाही. साहेबांनासुद्धा नाही.

१० मार्च
आई जेवली नाही. मोबाइलवर बाईंचं नाव टाकलं, तर माघारच समोर आली म्हणे. तिच्या न्यूमोनियात बाई रोज आमचा जिना चढून यायच्या. आता मतदानाला जाणारच नाही म्हणते, तुझ्या साहेबाला मत देण्यापेक्षा घरी झोपून राहीन. लोक कशावरही विश्वास ठेवतात, किळस येते. खरं सांगणार होतो तिला. पण प्रचारात नातीगोती आणायची नाहीत, हे माझं तत्त्व आहे.

१४ मार्च, मतदान, दुपार
ऑफिसात चिटपाखरू नाही. विरोधकांवर डोळा ठेवा, असं पोरांना मीच बजावलं होतं. त्यांनी ठेवला. साइट वाचली, साहेब बिनविरोध आले असं ठरवलं आणि घरी जाऊन ताणून दिली. मतदारांना केंद्रावर न्यायला एक गाडी नाही. एकाला फोन केला तर त्याने माझंच अभिनंदन केलं. गाढवांच्या हाती प्रचार दिला की असंच व्हायचं.

१६ मार्च
साहेब पडले. नोकरी गेली बाराच्या भावात. साहेब वाट्टेल ते बोलले. बायकोने नोकरीच्या जाहिरातींचं पान ताटाशेजारी आणून ठेवलं, ते जास्त लागलं.

१७ मार्च
निवडून आल्या तरी डॉक्टरीणबाई आईचं बीपी बघायला आल्या. आई रडायलाच लागली. तुमच्या अडीनडीला माझं एक मत नाही आलं, म्हणाली, आणि साइट उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला. बंद करायची राहिली होती. मी चहाचा ट्रे धरून उभा.

"ज्याने हे केलं, त्याच्या आईला कळलं तर बिचारीची मान खाली जाईल हो," आई म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मोबाइल आईला न देता माझ्या ट्रेमध्ये ठेवला.

"तिला न कळलेलंच बरं," त्या म्हणाल्या.

मलाही ते पटलं. चहा गरम करायला आत गेलो, तो त्या जाईपर्यंत बाहेर आलो नाही. तेव्हापासून मळमळतंय. ॲसिडिटी असणार.