फ्रिज सातवर

३ जानेवारी, रावेत.
नवा फ्रिज आला. आत एक ते सात आकड्यांचं गोल बटण. इंदूच्या इन्सुलिनच्या खोक्यावर लिहिलंय, दोन ते आठ अंश. बटण सातवर ठेवलं. म्हणजे सात अंश. प्रज्वल म्हणाला, बाबा, आधी माहितीपत्रक वाचा. पोरगा चाकणच्या कंपनीत मशिनं सांभाळतो, म्हणून घरीही सुपरवायझर. तीस वर्षं संस्कृत शिकवलंय, आकडे वाचता येतात मला.
संकल्प : इंदूचं औषधपाणी यापुढे माझ्याकडे. इन्सुलिन पार मागच्या भिंतीला टेकवलं. सुरक्षित.

९ जानेवारी, सकाळी ७.
दह्यावर बर्फ. कोथिंबीर काळी. इंदू म्हणाली, अहो, फार गार करतोय हा. समजावलं, सात अंशांवर बर्फ होत नाही, हे शास्त्र आहे. म्हणाली, मग शास्त्रालाच वाढा हे दही.
दोष थंडीचा.

१६ जानेवारी.
इंदूची साखर ३१०! इन्सुलिन तर रोज मी स्वतः काढून देतो. सकाळी जरा गोठलेलं असतं, तळहातात चोळलं की पूर्ववत. सबब औषध निर्दोष. उरला जिभेचा असंयम. संक्रांतीचे लाडू! शपथेवर सांगते, एकच खाल्ला. चोवीस वर्षांच्या संसारात पहिलं खोटं.

१८ जानेवारी.
लाडवांचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली जानव्याला. तपासणीदाखल दोन खाल्ले. शेजारच्या साबियालाही बजावलं, हिला गोड देऊ नका. म्हणाली, सर, भाभी चहासुद्धा बिनसाखरेचा पितात हो. तीही कटात. इंदू दारातच उभी होती.

२० जानेवारी.
साखर ३९०. माझ्याशी अबोला. लाडवांची तपासणी चालू.

२१ जानेवारी.
इंदू दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, इन्सुलिन ठेवता कुठे? ठणकावून सांगितलं, सात अंशांवर.
प्रज्वलनं घरी येऊन फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला. उणे दोन. म्हणाला, बाबा, ते अंश नाहीत. सात म्हणजे सगळ्यात थंड. एकदा गोठलं की त्या इन्सुलिनचा भरवसा नाही, म्हणतात डॉक्टर. एवढं बोलून सेकंड शिफ्टला गेला.
माहितीपत्रक काढलं. दुसऱ्याच पानावर आहे. मराठीत.

२५ जानेवारी.
इंदू घरी. बटण तीनवर, थर्मामीटर पाचवर. तिला सांगितलं, फ्रिजमध्ये बिघाड होता. म्हणाली, हो का.
किल्ली पुढे केली. घेतली नाही. म्हणाली, राहू द्या तुमच्याकडेच. उरलेले लाडू साबियाच्या मुलांना द्या.
डबा परवाच संपला.