मूळ पुस्तकात नसलेली मुलगी

नेपरव्हिल, इलिनॉय
बुधवार, २२ जानेवारी २०२५

ती. बाबा,

नमस्कार. पत्र घरी न पाठवता वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवलंय. फोनवर बोलायचं तर शेजारी आई असते आणि स्पीकर चालू असतो. तुम्ही नऊला पेपर वाचायला जाता तेव्हा हे तुमच्या हातात पडेल. तिथेच बसून वाचा.

आम्ही दोघं ठीक आहोत. बर्फ इतकं साचलंय की वेदांतला स्टेशनवर जायला रोज अर्धा तास आधी निघावं लागतं. आईचं मेतकूट पोचलं, पिशवी फुटली नव्हती. मी सध्या घरूनच काम करते. तब्येत बरी आहे.

तुम्हाला आवडेल अशी बातमी म्हणजे मी पुन्हा जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायला लागलेय. दर मंगळवारी दुपारी मालिनीकाकूंकडे जाते. त्या मूळ पुण्याच्या, इथे मुलाकडे राहतात. दृष्टीच्या मधोमध डाग आल्यामुळे त्यांना वाचता येत नाही. बी.ए.ला असताना एक कादंबरी त्यांनी चाळिसाव्या पानावर सोडली होती, ती आता पुरी करायची आहे. "चाळीस पानं नुसतं हवामान होतं गं," त्या म्हणाल्या, "माणूस यायच्या आत माझी परीक्षा आली." मी इंग्रजी वाक्य वाचते, थांबते, मग मराठीत सांगते. अगदी तुमच्यासारखं. काही वाक्यं अर्धं पान चालतात. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीला कोण काय करत होतं ते विसरायला होतं. अशा वेळी मी गप्प होते आणि काकू हसतात. म्हणतात, "अडकलीस ना? अडक. मला घाई नाही."

तुमचं ते थांबणं मला अजून आठवतं. जिल्हा परिषदेतून आलात की हातपाय धुऊन शब्दकोश घेऊन बसायचात. नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा तेवढीच होती. एक वाक्य वाचायचं, मग बोट तिथेच ठेवून तुम्ही छताकडे बघायचात, आणि मी श्वास धरून वाट बघायचे. कळलं नाही तर "कळलं नाही" म्हणायचात, पण वाक्य कधी सोडलं नाही. एकही गाळायचं नाही, हा आपला नियम होता.

आता मुद्द्यावर येते. खरं तर दोन आठवडे येतेय आणि परत फिरतेय.

ऑक्टोबरमध्ये इथल्या वाचनालयातल्या वाचकगटात गेले होते. त्या महिन्याचं पुस्तक आपण दोघांनी वाचलेलं होतं, मोठ्या घराचं आणि मृत्युपत्राचं. कोणाला कोण आवडलं असं विचारत होते. मी म्हटलं, जिन्यावरची मुलगी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका आजोबांनी पानं चाळली आणि फार अदबीने विचारलं, की माझी आवृत्ती कुठली होती.

तुम्हाला आठवतच असेल. पिवळा फ्रॉक, एका बुटाचा पट्टा सुटलेला, साधारण सहा वर्षांची. प्रकरण संपलं की तुम्ही पुस्तक मिटता मिटता सांगायचात, "आणि ती जिन्यावर बसून होती." एकदा मी विचारलं होतं की तिला कोणी जेवायला का बोलावत नाही. "इंग्रजी गोष्टीत तसंच असतं," तुम्ही म्हणालात.

मी चार आवृत्त्या तपासल्या. ती नाही. मग मला आठवलं, जहाजाच्या कादंबरीतही ती होती, दोरखंडाच्या वेटोळ्यात बसलेली. खटल्याच्या कादंबरीत ती बाकाखाली होती. ती पुस्तकं आणली, ओळीवर बोट ठेवून वाचली. डिसेंबरपर्यंत सात झाली. बाबा, ती एकातही नाही. वेदांत म्हणाला, "यार, बाबांनी आपलं एक कॅरेक्टर खपवलं, एवढंच." मीही हसले. गाळायचं नाही असा तुमचा नियम होता, घालायचं नाही असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात.

पण तुमच्या सांगण्यात सातही पुस्तकांत फ्रॉक पिवळाच कसा? तिचं वय का वाढत नाही?

कालच्या नव्हे, त्याच्या आधीच्या मंगळवारी प्रकरण संपवून मी पुस्तक मिटलं. काकू म्हणाल्या, "आज ती मुलगी नाही आली?" मी विचारलं, कुठली. "जिन्यावरची. मागच्या वेळी सांगितलंस ना." मी काकूंना तिच्याबद्दल कधीच काही सांगितलेलं नाही. निदान मला तसं वाटत होतं. पुन्हा ऐकता यावं म्हणून त्या माझं वाचन फोनवर रेकॉर्ड करतात. आम्ही लावून ऐकलं. बाहेर लख्ख ऊन होतं, बर्फावरून उजेड घरात येत होता, आणि त्या उजेडात माझाच आवाज म्हणाला, "आणि ती जिन्यावर बसून होती. केस ओले होते. पाणी पायरीवर गळत होतं."

आवाज माझा होता, पण ठेवण तुमची होती. शेवटचा शब्द खाली सोडून देण्याची.

केस ओले असल्याचं तुम्ही कधी सांगितलं नव्हतं, बाबा. मी फार आठवून बघितलं. तुम्ही फ्रॉक सांगितलात, बूट सांगितलात. केस मला कुठून माहीत?

आता जे लपवलं ते सांगते. मला चौदावा आठवडा आहे. तीन महिने होईपर्यंत सांगू नये म्हणतात, म्हणून गप्प होते. पण ते होऊनही दोन आठवडे झाले. मी सांगितलं नाही याचं कारण डॉक्टरांकडचा एक फॉर्म आहे. त्यात विचारलंय, भावंडं किती, हयात किती, कोणी लहानपणी गेलं असल्यास कशाने. मी पहिल्याच दिवशी "भावंडं नाहीत" असं लिहून सही केली. आता त्या सहीची मला भीती वाटते. अकरा फेब्रुवारीला पुन्हा तपासणी आहे.

मला शाळेत का घातलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. आई रोज संध्याकाळी माझ्या कपाळाला हात लावून बघायची, त्यामुळे वाटतं की तिला ताप आला असेल, ओल्या फडक्याने केस भिजले असतील. मग आठवतं की तुम्ही मला तळ्याच्या रस्त्याने कधी नेलं नाहीत. लांबचा, बाजारातला रस्ता घ्यायचात. मला दोन्ही सारखंच खरं वाटतं. पाणी असेल तर डॉक्टरांना सांगण्यासारखं काही नाही. ताप असेल, आणि घराण्यातून येणारं काही असेल, तर माझ्या बाळासाठी ते आत्ताच कळायला हवं. आईला मी विचारणार नाही. तुम्ही तिच्यासाठी इतकी वर्षं गप्प राहिलात, हे मला समजतं.

काल काकूंची कादंबरी संपली. सगळ्यांची लग्नं लागली, इस्टेट योग्य माणसाला मिळाली, मंडळी शेकोटीपाशी बसली. मी थांबले. काकू हळूच म्हणाल्या, "सगळे आत बसलेत. तिलाही आत घे ना गं."

मी पुस्तकाकडे न बघता सांगितलं, की आतून कोणीतरी आलं, तिचे केस पुसले, पट्टा लावला, आणि तिला नावाने हाक मारली.

"काय नाव?" काकूंनी विचारलं.

नाव ओठांपर्यंत आलं होतं, शपथेवर सांगते, पण बाहेर पडलं नाही. मला एकदा काकूंच्या घरातल्या जिन्याकडे बघायचं होतं, पण मी बघितलं नाही.

मला कारणं नकोत, बाबा. तुम्ही मला फसवलंत असंही मी म्हणत नाही; तुम्हाला तिला कुठेतरी ठेवायचं होतं. दोनच गोष्टी लिहा. ताप की पाणी, आणि तिला तुम्ही काय हाक मारत होतात. पोस्टकार्डावर मावेल एवढंच.

तुमची धाकटी,
सावनी