ओळंब्याची दोरी वाकडी दिसली

कसबा बावडा, मंगळवार, नोव्हेंबर २००७

आज डाव्या डोळ्यात पहिली सुई घेतली. फार दुखली नाही.

गेल्या आठवड्यात थोरल्या पोराला कामावर सगळ्यांसमोर झापलं, भिंत वाकडी उचललीस म्हणून. त्यानं भिंत सरळ हाय का बघायला ओळंबा सोडला. बघतो तर दोरीच मधे वाकलेली. खाली वजन लोंबतंय आणि दोरी वाकडी? कसं शक्य हाय? चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला मी. भिंत सरळ होती, डोळा बिघडलाय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयामुळं डोळ्याच्या पडद्यामागं नको त्या शिरा वाढून गळतायत. त्यांना वाढवणारं एक प्रथिन असतं. सुईतलं औषधही प्रथिनच, पण मुद्दाम घडवलेलं, त्या पहिल्याला घट्ट धरून त्याचं काम थांबवणारं. गेलेली नजर परत येईलच असं नाही, उरलेली राखू.

बायको म्हणते, "अवं, सत्तरीत डोळ्यात सुई कशाला? बसा की गप घरात."

का बसू? महिन्यानं पुन्हा जाणार, त्याच्या पुढच्या महिन्यातबी.

ओळंबा दारात टांगलाय. दोरी अजून वाकडीच दिसतीय. दिसू दे. उद्या कामावर जाऊन थोरल्याला सांगणार, सगळ्यांसमोरच, की भिंत सरळ हाय. मला वाकडी दिसत असली तरी.