दानियलच्या जागेवर

३ डिसेंबर
सारंगखेड्याच्या जत्रेला पोहोचले. जागा तीच मिळाली, घोडेबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला, लिंबाखाली. अकरा वर्षं माझा नवरा दानियल इथे बसला. सुपं-टोपल्या मी घरी विणायची, काठ तो बांधायचा आणि जत्रेत तोच विकायचा. मी पहिल्यांदाच आले.

४ डिसेंबर
सकाळीच एक म्हातारी गुजर बाई आली. सुपांकडे बघितलंच नाही.
‘‘दानियल कोठे शे?’’
दानियल ऑगस्टमध्ये गेला. पंधरा दिवसांची कावीळ आणि संपला. एवढंच सांगायचं होतं. तोंडातून निघेना. म्हटलं, ‘‘गावी आहे. पाय मुरगळलाय.’’
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. ‘‘बरं,’’ म्हणाली आणि तिथेच पोत्यावर टेकली. तापीबाई नाव. नदीकाठच्या गावची.
त्यानंतर जो आला त्याला पायच सांगितला. माझा नवरा मेला म्हटल्यावर लोक पुढच्या दुकानात जातील, अशी भीती वाटली. दुसरंही काही होतं. इथे त्याला सगळे जिवंत समजत होते. मला ते बरं वाटत होतं.

५ डिसेंबर
हेमराजभाऊ आले. केळीच्या बागेसाठी दरवर्षी टोपल्या नेतात. म्हणाले, ‘‘दानियलभाऊला सांगा, आमची दामिनी पास झाली. नर्सिंगला लागली. गेल्या साली त्याने तिच्यासाठी प्रार्थना करतो म्हणून सांगितलं होतं.’’
‘‘सांगते,’’ म्हटलं.
माल बांधून दिला. कुणाची मुलगी कुठे शिकते, कुणाच्या सासूचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, हे सगळं त्याला माहीत असायचं. मला वाटायचं हा तिथे नुसता माल विकतो.
तापीबाई आजही आल्या. भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन.

६ डिसेंबर
लोक जुनी सुपं घेऊन येतात, सुटलेला काठ बांधायला. दानियल त्याचं काही घेत नसे. मीही घेतलं नाही. वहीच्या मागच्या पानांवर नावं लिहायला लागले — कोण, कुठल्या गावचं, घरी कोण.

७ डिसेंबर
आज तापीबाईंनी एक सूप उचललं. काठावरून अंगठा फिरवला. दोनदा.
‘‘हाऊ काठ त्याना हातना नही शे.’’
मी हातातली टोपली खाली ठेवली.
‘‘कोना हात शे?’’
‘‘माझा,’’ म्हटलं. मग सगळंच बाहेर आलं. ‘‘तो नाही आता, बाई. ऑगस्टमध्ये गेला. मी खोटं बोलले.’’
त्या दचकल्या नाहीत. माझा हात मांडीवर घेऊन बसल्या. बांबूच्या कामट्यांनी कापलेली बोटं होती, त्यांवरून हात फिरवत राहिल्या. समोरून घोडे जात होते, धूळ उडत होती. शेवटी म्हणाल्या, ‘‘काठ ढिला शे. पन शिकशी.’’ आणि तेच सूप घेतलं.
दुपारी हेमराजभाऊ समोरून जाताना दिसले, त्यांना मीच बोलावून सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. खाली बसले. वाटलं, आता खोटारडी म्हणतील. पण त्यांनी दामिनीचं सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली — परीक्षा, फॉर्म, हॉस्टेल. या वेळी दानियलसाठी नाही, मला. मीही विचारलं, घरची आठवण काढते का? ‘‘रोज रडते,’’ म्हणाले.

८ डिसेंबर
जे आले त्यांना खरं सांगितलं. कुणी पुढच्या दुकानात गेलं नाही. एकीने विचारलं, ‘‘मग तुमचं नाव काय?’’
प्रिस्किला.

१० डिसेंबर
घरी. तापीबाईंचा फोन आला. जत्रेत सांगवेना म्हणाल्या. दानियलच्या पोटात गाठ होती; कावीळ त्यामुळेच झाली असणार. ‘‘त्याले मागला सालच माहीत व्हतं. माले बोलना, तिले सांगू नका, ती वरीसभर रडी.’’ पुढच्या जत्रेला मी दिसलो नाही आणि ती आली, तर तिच्याजवळ बसा, एवढं त्याने मागून घेतलं होतं.
म्हणजे पाय मुरगळलाय हे मी त्यांना सांगत होते, आणि त्या सगळं ओळखून ऐकून घेत होत्या.
फोन ठेवला. दानियल गेल्यापासून आज पहिल्यांदा मला त्याचा राग आला.