तिघऱ्याचा रोहू

जयेंद्रगंज, ग्वाल्हेर

समरदादा,

तू गेल्यावर आपल्या कॉलेजच्या मासेमारी स्पर्धेत तुझ्या जागी मी उतरले. तुझा विहंगच म्हणाला, "जोडी समरची नि माझी होती, अब तू चल."

तिघरा धरणावर सकाळपासून वारा होता, होडी एका जागी ठरेना. दुपारी एकदाचा गळाला रोहू लागला, चांगला हातभर लांब. मासा जिवंत काठावर न्यायचा, मोजून घ्यायचा आणि परत सोडायचा, असा नियम. पण गळ खोल रुतला होता, काढायला वेळ लागला. होडीतल्या टबात तो उताणा झाला, कल्ले सावकाश उघडमीट करू लागला. दादा, हॉस्पिटलात शेवटी तुझा श्वास असाच चालायचा. मला बघवेना. मी त्याला धरणाच्या पाण्यात दोन्ही हातांनी सरळ धरून बसले. बऱ्याच वेळाने त्याने शेपटी मारली आणि निसटून खोल गेला.

विहंग एवढंच म्हणाला, "पहिला नंबर होता, यशू."

काठावर बाबा उभे होते. तुझ्या एकाही स्पर्धेला ते आले नव्हते.

"काही मिळालं नाही?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते पाण्याकडे वळले.

"जिवंत गेला ना?"

"हो, बाबा."

मग ते तिथेच दगडावर बसले आणि रडले. तुला घाटावर पोचवून आले तेव्हाही रडले नव्हते.

आईला मी हे सांगितलेलं नाही. तुला सांगावंसं वाटलं.

तुझी,
यशू