नवव्या मजल्यावरची फुली

११ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. माझी प्रकृती बरी आहे. रक्तदाब तपासून घेतला. तो माझ्या वयाला शोभेल असा आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, प्लंबरने वायसर बदलला. थोरल्याचा रविवारी फोन येतो. रविवार असतो म्हणून तो करतो आणि रविवार असतो म्हणून मी घेतो. दोघांचीही तक्रार नाही.

आता मुद्दा. या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: तुझ्या खेळाच्या नवव्या मजल्यावर, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातल्या फरशीवर, तुझ्या आईने मारलेली फुली चुकीची होती. सिद्धता पुढे दिली आहे. ती ओळीने वाचावीस. मधली पाने गाळून शेवट पाहण्याची तुझी सवय मला ठाऊक आहे.

खेळ तू रचलास, तेव्हा त्याचे नियम तुलाच सांगणे हास्यास्पद आहे. पण गृहीतके मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवल्याचा हा परिणाम. दहा मजले. प्रत्येक मजल्यावर आठ फरशांच्या पाच रांगा, सगळ्या पालथ्या. बोट लावले की फरशी उलटते आणि दिव्यातले तेल एक थेंब कमी होते. खाली तेल निघेल, खालच्या मजल्याचा जिना निघेल, नाहीतर प्राणी निघेल, आणि प्राणी आणखी पाच थेंब पिऊन टाकतो. बाकीच्या फरशांवर आकडा उमटतो. त्या फरशीला चिकटलेल्या फरशांखाली किती प्राणी आहेत, ते तो सांगतो. तेल संपले की डाव संपतो, आणि संपतो म्हणजे पुसला जातो. पुढच्या वेळी दहाही मजले नव्याने मांडलेले असतात. झालेला डाव परत मिळत नाही. जिथे प्राण्याचा संशय असेल तिथे लाल फुली मारून ठेवता येते.

पहिल्यांदा तू हे जेवणाच्या टेबलावर दाखवलेस तेव्हाचा वाद तुला आठवत असेल. तू म्हणालीस, "बाबा, यात नशिबानं कुणी मरत नाही. मेला तर स्वतःच्या चुकीनं मरतो." मी म्हणालो, हे सार्वत्रिक विधान आहे, त्याला एक प्रतिउदाहरण पुरेल, आणि दुसऱ्याच मजल्यावर ते काढून दाखवले. तू तावातावाने वही ओढलीस. आपण दोघे आकडे मांडत बसलो तेव्हा आईने टॅब स्वतःकडे घेतला आणि म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा. मला माझ्या चुकीनं मरू दे." आणि चार फरशांत मेली, आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

तू नोकरी सोडून हा खेळ करायला घेतलास तेव्हा मी काय म्हणालो होतो, ते इथे प्रस्तुत नाही.

त्यानंतर दोन वर्षे ती रोज दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून खेळत असे. फरशी उलटताना जो आवाज होतो, दगडावर दगड घासून टक् असा, तो मला शेजारच्या खोलीत ऐकू येई. आवाज बंद करता येतो, हे मी तिला अनेकदा सांगितले. "आवाज बंद केला तर फरशी उलटल्यासारखं वाटतच नाही हो," ती म्हणायची. "दार लोटून घ्या." मी दार लोटून घेत असे.

जूनपासून घरात तो आवाज नाही. जुलैत मी स्वतः खेळायला शिकलो. स्वतःच्या नावाने, वेगळे खाते उघडून. एकूण त्र्याहत्तर डाव झाले, त्यांत तीनदा आठव्या मजल्यापर्यंत पोचलो. आवाज चालू ठेवूनच खेळतो. तू म्हणायचीस तसे, त्याने लक्ष लागते.

आता सिद्धता. तिच्या खात्यात तिचा शेवटचा डाव अर्धा होता: नववा मजला, दिव्यात अकरा थेंब. चाळीसपैकी सदतीस फरशा उघडलेल्या, तीन बंद, आणि तिन्हींवर फुल्या. त्यांतल्या दोन डावीकडे वर, एकमेकींना लागून. त्यांच्या शेजारच्या फरशीवर दोन हा आकडा, आणि तिच्याभोवती बंद फरशा या दोनच. म्हणजे दोन्हींखाली प्राणी. या फुल्या निर्दोष. तिसरी उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात. तिला चिकटलेल्या फरशीवर आकडा शून्य. शून्याला चिकटलेल्या कुठल्याच फरशीखाली प्राणी नसतो. म्हणून कोपऱ्यात प्राणी नाही. शिवाय प्रत्येक मजल्यावर एक जिना असतोच. तो उघडलेल्या सदतीस फरशांत नव्हता, आणि बाकीच्या दोन फरशा प्राण्यांच्या होत्या. म्हणून कोपऱ्यातली फरशी जिन्याची होती, आणि तिच्यावर फुली मारणे चूक होते. सिद्धता समाप्त.

यात फट नाही. माझ्या वर्गातला सर्वांत आळशी मुलगाही हे दोन मिनिटांत मांडू शकला असता. मग नवव्या मजल्यापर्यंत अकरा थेंब राखून पोचलेल्या बाईला हे दिसले कसे नाही? मी उपपत्ती अशी लावली: औषधे. शेवटच्या दोन महिन्यांत तिने चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता. एकदा मला माझ्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली, जो अकरा वर्षांपूर्वी गेला. या दोन घटनांवरून मी ठरवले की शून्य समोर असूनही ते तिला वाचता आले नसावे. ही उपपत्ती मला पटली. खरे तर मला तिच्यामुळे वाईट वाटले, आणि ज्या गोष्टीचे वाईट वाटते ती खरी असलीच पाहिजे असे मी धरून चाललो.

सिद्धतेनंतर पडताळणी येते. तेवीस ऑगस्टला, दुपारी साडेतीनला, मी ती फुली पुसली आणि फरशी उलटली. जिना होता.

१२ ऑक्टोबर

काल इथे थांबलो. सिद्धता झाली होती, पत्र पाकिटात घालायला हरकत नव्हती. घातले नाही.

तुझे पत्र तीन सप्टेंबरला आले. ते माझ्यासमोर आहे. "बाबा, आईचा टॅब मला द्या. तिचा डाव अर्धा आहे. कृपा करून त्याला हात लावू नका, मला तो तिथूनच पुढे खेळायचा आहे." त्याला मी उत्तर दिले की टॅब सुस्थितीत आहे, चार्ज होतो, काचेवर चरा नाही. तिन्ही विधाने खरी होती. त्यांतले एकही तुला दिलेले उत्तर नव्हते. तू पुन्हा लिहिलेस, "डाव आहे ना?" हे दुसरे पत्र येऊन आज सोळा दिवस झाले.

जिना निघाला तिथे माझी पडताळणी पूर्ण झाली होती. टॅब बंद करून ठेवला असता तर आजही तू त्याच पायरीवरून खाली उतरू शकली असतीस. मी जिन्यावर बोट ठेवले. का, याचे तर्कशुद्ध कारण मजकडे नाही. तिचा डाव मी पुढे नेतो आहे, असे काहीसे वाटले असावे. दहाव्या मजल्यावर दहा थेंब घेऊन उतरलो. पहिल्या फरशीवर तीन हा आकडा आला. तिथे थांबायला हवे होते. दुसरीखाली प्राणी, तिसरीखाली प्राणी. मग दिवा विझला, पडदा काळा झाला आणि डाव संपल्याचे तू लिहिलेले ते एक वाक्य आले. पुन्हा सुरू केल्यावर पहिला मजला होता, चाळीस पालथ्या फरशा.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर: डाव नाही.

पण एवढेच असते तर ती नुसती हानी ठरली असती, आणि हानी कळवायला दोन ओळी पुरतात. मला जे टाळायचे होते ते वेगळे आहे. ज्या पुराव्यावर सिद्धता उभी करायची तो सगळा पटावरच असतो, असे मी मानले. एक पुरावा पटाबाहेर होता, आणि तो माझ्याजवळ होता.

तू जूनच्या वीस तारखेला येणार होतीस. ती गेली बाराला. त्याच्या आधीच्या रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलत होती, आणि मी समोर वर्तमानपत्र वाचत होतो. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. माझी स्मृती अजून चांगली आहे, दुर्दैवाने.

"अगं, जिना सापडलाय. नाही, नाही उघडला. कुलूप घालून ठेवलंय. तू आलीस की दोघी मिळून खाली जाऊ."

मी वर्तमानपत्राआडून म्हणालो, "खेळात पाहुण्यांची वाट बघतात का?"

ती म्हणाली, "अहो प्राध्यापक, तुम्ही वाचा तुमचं." आणि तुला म्हणाली, "ऐकलंस? यांना वाटतंय मी हरायला घाबरते."

हे मी ऐकले, आणि त्याला गप्पांत जमा केले. आता तुझाच नियम पुढे ठेवतो. तिचे हात थरथरायला लागले तेव्हा तू खेळात बदल केलास: फुली असलेली फरशी नुसते बोट लागून उघडणार नाही, आधी फुली पुसावी लागेल. म्हणजे चुकून काही उघडू नये असे वाटले, तर तिच्याजवळ उपाय एकच होता. तिला शून्य दिसत होते. तिला जिना माझ्याआधी दिसला होता. थरथरत्या बोटाने तुझ्याशिवाय खाली उतरायला नको म्हणून तिने तो बंद करून ठेवला. चष्मा फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या बाईने तो मजला माझ्यापेक्षा स्वच्छ वाचला होता, आणि मी मात्र तिची बुद्धी गेली असे ठरवून मोकळा झालो. त्यानंतर दोन महिने मी तिची कीवही केली.

टॅब आज रजिस्टर पार्सलने पाठवतो आहे, चार्जरसह. सोबत चौकटीच्या कागदावर नवव्या मजल्याची नक्कल आहे. फुली पुसण्यापूर्वी मी ती करून ठेवली होती, सिद्धतेत आकृती द्यावी म्हणून. सदतीस फरशा, सगळे आकडे, तिन्ही फुल्या, अकरा थेंब. मी दोनदा ताळा पाहिला आहे. यावरून तुला तो मजला पुन्हा मांडता येईल की नाही, मला ठाऊक नाही. मांडलास तरी तो तिने खेळलेला डाव होणार नाही, हे मी तुला समजावून सांगण्याची गरज नाही.

तू मला लगेच लिहावेस अशी अपेक्षा नाही. दुपारी मी घरीच असतो.

पत्राच्या आरंभी जे विधान सिद्ध करण्याचे मी योजले होते, ते मागे घेतो. फुली बरोबर होती. चूक एक, आणि ती माझी: तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचे मी नाकारले, आणि ती फुली पुसली.

स्वाक्षरी करून कबूल करतो,

तुझे बाबा